भरलेल्या ट्रॉलीचे चाक बदलताना

कापसाची वेचणी आणि उसाची तोड सुरू झाली, की आपल्या आष्टी भागातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. अशा घाईत भरलेल्या ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले, तर जॅकखाली हाताला लागेल तो दगड ठेवून ट्रॉली उचलली जाते. धोका आहे तो इथेच. चाक जड असते हे खरे; पण जिवावर बेतते ते जॅक घसरून ट्रॉली खाली आल्यामुळे.

म्हणून पुढील सामान एका पेटीत घालून ट्रॅक्टरबरोबर कायम ठेवा.

1. तेलाचा जॅक. पाच टन माल नेणाऱ्या ट्रॉलीसाठी 10 टनी जॅक घ्यावा.
2. जॅकखाली ठेवायला दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद लाकडी फळी. आपली काळी जमीन भुसभुशीत. नुसता जॅक तीत रुततो आणि तिरपा होतो.
3. बाभळीचे दोन-तीन रुंद ठोकळे. विटा चालणार नाहीत, त्या भाराखाली फुटतात.
4. नटाच्या मापाचा पाना व त्यावर बसणारी लोखंडी नळी. दोन फुटी पान्याला नळीने चार फूट लांबी दिली, की तेवढ्याच जोरात दुप्पट काम होते. पान्यावर उभे राहून उड्या मारू नयेत.
5. पहार, बॅटरी आणि हवा भरलेली स्टेपनी.

आता कामाची रीत बघा. ट्रॉली शक्यतो कडक, सपाट मुरमावर न्या. त्यात ट्यूब गेली तरी चालेल. ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवा. इंजिन बंद करून गिअर टाका, ब्रेक लावा. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून व मागून दगड लावा. जमले तर माल थोडा उतरवून घ्या.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा आटा ढिले करा. उचललेल्या ट्रॉलीवर जोर लावू नका. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, तेही लक्षात असू द्या. चाक बसल्यामुळे जॅक एक्सलखाली शिरत नसेल, तर ते चाक आधी फळीवर चढवून घ्या. ट्रॉली उचलली, की लगेच एक्सलखाली ठोकळे रचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हातपाय आत घालू नका.

ट्रकचे चाक रिमसह 100 किलोच्या आसपास भरते. ट्रॉलीचे त्याहून हलके असले, तरी कमरेने उचलू नका. चाकाखाली पहार घालून ते बोल्टांच्या रेषेत आणा. नट समोरासमोरचे आवळत जा. ट्रॉली खाली टेकली, की पुन्हा घट्ट करा आणि पहिली खेप झाल्यावर परत तपासा.

रिमला लोखंडी कडी असेल, तर टायर खोलण्याचे काम पंक्चरवाल्याकडेच द्या. हवा भरताना कडी उडते, म्हणून चाकासमोर कोणी उभे राहू नये.

रात्रीची वेळ असेल, तर एक माणूस बॅटरी घेऊन मागे उभा करा. आणि निघताना चाकाला लावलेले दगड रस्त्यावरून उचला. मागून मोटारसायकलवर येणाराही आपल्याच गावचा असतो.