सायकल, लांबचा पल्ला आणि स्वावलंबन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते शहापूरहून रोज सायकलने शाळेत येत. हातपंप दांड्याला बांधलेला आणि पिशवीत पंक्चरचे सामान. म्हणूनच आजचा विषय मी मुद्दाम सायकलचा निवडला.

फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ याने ती ७२ तासांच्या आत जिंकली. पुढे तिचे शर्यतरूप गळून पडले. आज ती चार वर्षांतून एकदा भरते, कमाल मुदत ९० तासांची, आणि पहिला-दुसरा असा क्रमच लागत नाही. त्याच परंपरेतील ‘ब्रेव्हे’ आता भारतातही होतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ६०० साठी ४०.

नियम थोडे, पण करडे. मागे स्वतःची गाडी चालत नाही. घरच्यांची मदत घ्यायची तर ती ठरलेल्या नियंत्रण-ठाण्यावरच. मधल्या वाटेत दुकानातून हवे ते विकत घ्यावे. सहप्रवासी सायकलस्वाराने हात दिला तर तोही चालतो. रात्री पुढे-मागे दिवे आणि चकाकणारे जाकीट हवेच. (आपल्या इंदूर-इच्छापूर मार्गावर ट्रकांच्या रांगेत ज्याने सराव केला आहे, त्याला हे कलम पटवून द्यावे लागत नाही.) नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार केली, तेव्हा मदतनीसांचे पथक नियमानेच सोबत होते. ते यश थोरच. परंतु त्या प्रकाराची जात निराळी.

आता माझी गोष्ट सांगतो. पहिल्याच ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत रात्री दहाच्या सुमारास ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला. जवळची दुसरी ट्यूब दुपारीच खर्ची पडली होती. तेवढ्यात काळजीपोटी मागावर आलेला माझा भाचा गाडीतून उतरला. त्याच्या हातात नवी ट्यूब! रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मी ती घेतली, मुदतीपूर्वी वीस मिनिटे पोहोचलो, कार्डावर शिक्काही मिळाला.

झोप मात्र लागली नाही. सकाळी संयोजकांना सारे सांगितले. त्यांनी शांतपणे माझे नाव यादीतून कमी केले. “मामा, एका ट्यूबेपायी?” असे म्हणून भाचा दोन महिने अबोला धरून बसला.

गुरुजी तेव्हा हयात होते. त्यांना सर्व हकीकत ऐकवली. शाबासकीची अपेक्षा नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. ते चष्मा पुसत एवढेच म्हणाले, “ट्यूबचे पैसे दिलेस का त्याला?”

दिले नव्हते.