हरकती व सूचना

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'जिल्ह्याच्या कारभारातील चार बातम्या सांगा, आणि त्यांवर तुमचे मतही सांगा,' असे आपल्या मंडळाने मला फर्माविले आहे. महसूल खात्यात नोकरी केलेल्या बाईला यातली पहिली गोष्ट सोपी व दुसरी अवघड. नोकरीत असताना बातमी कळवावयाची असते आणि मत पोटात ठेवावयाचे असते. सेवानिवृत्तीनंतर तो अडसर राहिला नाही. तेव्हा आज दोन्ही सांगते.

सरकारी बातमी म्हणजे नोटीस. वर्तमानपत्रातली बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. तिचे आपल्याकडे काही मागणे नसते. नोटिशीचे तसे नाही. बहुतेक नोटिशींच्या शेवटी एक ओळ असते : 'याबाबत कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्या अमुक मुदतीत लेखी सादर कराव्यात.' वरचा मजकूर कचेरीचा आणि या ओळीखालची मोकळी जागा आपली. माझे आजचे सारे सांगणे त्या मोकळ्या जागेविषयी आहे.

ही ओळ आपल्या जिल्ह्यात सुखासुखी आलेली नाही. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. १८८३ साली त्याचे गॅझेटियर छापून निघाले. पिके, बाजार, देवळे, रस्ते, कोणती जमात कोठे राहते, सगळे त्यात आहे. सरकारने आपल्याविषयी इतके जाणून घेतले. पण ते वरच्यांना कळविण्यासाठी, आपल्याला विचारण्यासाठी नव्हे. पुढे कलेक्टर म्हणून आलेले ए. एम. टी. जॅक्सन तर संस्कृतचे जाणकार होते. लोकांच्या समजुती व चालीरीती यांची माहिती त्यांनी हौसेने गोळा केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती एंथोव्हेन यांनी संपादून प्रसिद्ध केली. आपल्या भुताखेतांची व व्रतवैकल्यांची खबर घेणाऱ्या त्याच राजवटीत बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल १९०९ साली काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हा इतिहास नाशिककरांना नवा नाही. मला त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, साहेबाला लोकांची माहिती हवी होती, मत नको होते. रयतेने लिहावे अशी मोकळी जागा त्या कागदावर नव्हती.

स्वराज्यात ती जागा हळूहळू आली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्ह्याचा पुष्कळसा कारभार निवडून आलेल्या माणसांकडे गेला. १९९३ पासून ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. २००५ साली माहितीचा अधिकार आला : दहा रुपये फी भरून अर्ज केला की तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक. नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावयाची, हेही कायद्यात आहे. म्हणजे दारे उघडी आहेत. आत कोण जाते, हा पुढचा प्रश्न.

आत गेल्याने काय होते, याची ताजी आठवण देते. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारावयाचे म्हणून तपोवनातील झाडांबाबत महापालिकेने २०२५ च्या नोव्हेंबरात नोटीस काढली. एरवी अशा नोटिशी येतात आणि जातात. या वेळी नाशिककरांनी ती वाचली. शेकड्यांनी लेखी हरकती गेल्या, सुनावणी झाली, आणि शहरभर त्याच विषयाची चर्चा झाली. झाडे राहावीत की साधुग्राम व्हावे, यावर आपल्या मंडळातही दोन मते असतील, असावीत. पण ज्यांनी लिहून दिले त्यांचे मत कागदावर आले. ज्यांनी ओट्यावर बसून हळहळ केली, त्यांची हळहळ ओट्यावरच राहिली.

आता झाडांवरून जमिनीकडे येते, कारण आपल्या घरादाराशी तिचा संबंध अधिक. आपल्यातल्या बहुतेकजणी शहरात राहतात, पण कोणाचे माहेर निफाडचे, कोणाचे दिंडोरीचे, कोणाचे सिन्नरचे. तिथे वडिलांच्या नावावर चार-दोन एकर असतात. वडील गेले की वारसनोंद होते. ती कशी होते हे ऐका. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घेतात. तिची प्रत चावडीवर लावतात आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस देतात. हरकत घेण्याची मुदत पंधरा दिवस. हरकत आली तर नोंद तक्रारी ठरते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

या पंधरा दिवसांत काय घडते, किंवा घडत नाही, ते मी नोकरीत पुष्कळदा पाहिले. वारसांच्या अर्जात मुलांची नावे असतात, मुलींची नसतात. किंवा थोरल्या भावाचे नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लागते आणि बहिणी 'इतर अधिकार' या रकान्यात जातात. नोटीस गावाच्या पत्त्यावर निघते. बहीण नाशिकला, पुण्याला किंवा मुंबईला. चावडीवरचा कागद पावसाने भिजून पडतो. कोणी लबाडी केलीच असे नाही. भावाच्याही मनात तसे नसते. 'ताईला काय विचारायचे, तिचे बरे चालले आहे,' एवढेच. नोंद मात्र पक्की होते.

दहा-पंधरा वर्षे सगळे गोडीत चालते. मग एखादा मोठा रस्ता येतो. समृद्धी महामार्गासाठी आपल्या जिल्ह्यात सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतील जमिनी गेल्या. मोबदला वाटताना आधी कागदावरची नावे पाहिली जातात. अशा वेळी ताईला प्रथम समजते की आपले नाव नाही. सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, आणि हक्क त्यामुळे बुडत नाही, हे खरे. पण मग प्रांताकडे अपील, पुढे दिवाणी दावा, वकील, तारखा, आणि भाऊबीज बंद. पंधरा दिवसांत एका पानाच्या अर्जाने झाले असते ते काम आयुष्यातली पंधरा वर्षे खाते.

कायदा मुलीच्या बाजूने आहे, याविषयी आता शंका नको. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात हिंदू कुटुंबांतील मुलींना जन्मतः समान हक्क मिळाला आणि लग्नाची ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मुलीचे झाले, तसे सासरी पत्नीचेही. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी आपल्याच चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव जमिनीला का नाही, हा प्रश्न तिथून गावोगावी गेला. पुढे शरद जोशींच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन करून दिली. त्या मोहिमेला लक्ष्मी मुक्ती म्हणत. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले : नवऱ्याने अर्ज दिला तर सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. आपल्यापैकी किती घरांत तो अर्ज दिला गेला, हे आज घरी गेल्यावर विचारून पाहा.

आता माझे मत. ते काहींना रुचणार नाही.

एक, दोष कचेरीचाही आहे. नोटीस लावली की कर्तव्य संपले, ती कोणी वाचली की नाही हे कोणी पाहात नाही. तिची भाषा अशी की वकिलानेही दोनदा वाचावी. 'उपरोक्त विषयान्वये' लिहिण्याऐवजी 'तुमच्या वडिलांच्या जमिनीवर वारस लावत आहोत. तुमचे नाव नसेल तर पंधरा दिवसांत कळवा,' असे लिहिले तर कोणते नुकसान होईल? पूर्वी कोतवाल दवंडी देत असे. तिला कायद्याचे कलम ठाऊक नव्हते, पण ती चुलीपर्यंत पोहोचत असे.

दोन, हक्कसोडपत्राविषयी. बहिणीने हक्क सोडूच नये, असे मी म्हणत नाही. भावाने आईबापांना सांभाळले असेल, त्याची ओढाताण असेल, तर द्यावे. मोकळ्या मनाने द्यावे. परंतु काय देतो आहोत हे वाचून द्यावे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभ्याउभ्या 'इथे सही कर' म्हणून घेतलेली सही म्हणजे दान नव्हे. एकदा नोंदलेला दस्त मागे घेणे फार जिकिरीचे असते. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती मला समजते. पण विचारल्याने जे माहेर तुटते, ते न विचारल्याने किती दिवस टिकले असते?

तीन, 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपण फार सोयीने वापरतो. थांबण्याचे काम कचेरी करते. मुदत मात्र थांबत नाही.

मग करावयाचे काय? फार थोडे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर माहेरच्या आणि सासरच्या गटाचा सातबारा पाहता येतो. 'आपली चावडी' येथे गावाच्या फेरफाराच्या नोटिशी घरबसल्या दिसतात. नातीला मोबाईल मागा, ती दोन मिनिटांत काढून देईल. शहरातल्या घराची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात मिळते. तिच्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. हरकत साध्या कागदावर, साध्या मराठीत लिहा : मी कोण, नोंद कोणती, माझे म्हणणे काय, सोबत पुरावा कोणता. दोन प्रती न्या, आणि एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो, तिथे जा.

मंडळाला माझी एकच सूचना आहे, आणि लेखीच देते, म्हणजे तिचीही पोच मिळेल. महिन्यातून एक दुपार नोटीस वाचनासाठी ठेवावी. भजन आहे, भिशी आहे, हळदीकुंकू आहे. त्यांच्या जोडीला अर्धा तास. एकीने वाचावे, चौघींनी समजून घ्यावे, जिचा संबंध असेल तिने लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज दुसरीने लिहून द्यावा. याला पैसा लागत नाही, देणगी लागत नाही, पाहुणा बोलवावा लागत नाही.

 यावर कोणाच्या हरकती व सूचना असल्यास चहा होईपर्यंत मुदत आहे.