बतावणी
(विहाराच्या वर्धापनदिनी जिते येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं, विद्वत्ता आमच्याजवळ नाही. पण जलशाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

तमाशातला सोंगाड्या नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशात कामाला लावला. अस्पृश्यता, मेलेल्या ढोराचं मांस, पोरांची शाळा, यावर बतावणी चाले. माणसं पोट धरून हसत, नि घरी जाताना गप्प होत. जोतीरावांच्या 1855 च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात विदूषक हेच काम करतो. त्याच जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना!

तिकडे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांचीच टवाळी करीत. पुढं काळेच सोंगं काढू लागले. 1977 साली रिचर्ड प्रायर टीव्हीवर देशाचा पहिला काळा अध्यक्ष झाला. लोक हसले. कार्यक्रम चारच भागांत आटोपला. 2009 साली ओबामा खरेच त्या खुर्चीत बसले.

आपल्या जयंतीला डीजे वाजतो. वाजू द्या. पण तासभर तो थांबवून एक बतावणी बसवा. विषय लग्नाच्या कर्जाचा घ्या. सावकाराची पगडी आमच्याकडं आहे.