वाचायला वेळ कुणी दिला?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



‘गेल्या वर्षभरात काय वाचलंस त्यावर बोल,’ असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी वही काढली. वाचलेल्या पुस्तकाचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची मला सवय आहे. वर्षात १९ पुस्तकं झाली. त्यातली बहुतेक बायकांनी स्वतःबद्दल लिहिलेली. कायद्याच्या पुस्तिका, अहवाल, प्रशिक्षणाच्या फायली यात धरलेल्या नाहीत. त्या आपण सगळ्याच जणी वाचतो, आणि त्याला वाचन म्हणत नाही.

ही पुस्तकं मी ठरवून घेतली होती. काही दुसऱ्यांदा, काही तिसऱ्यांदा. या खेपेला प्रत्येक पुस्तकात एकच गोष्ट शोधत होते: या बाईला वाचायला-लिहायला वेळ कुणी दिला? का तिनं तो कुणाच्या नकळत काढला? शिबिरांमधून आपण स्त्रीशिक्षणाची जी गोष्ट सांगतो ती साधारण ठरलेली असते. सुधारक नवरा, शिकणारी बायको आणि आडवं येणारं घर. गोष्ट खोटी नाही. पण ती किती घरांची?

रमाबाई रानड्यांच्या घरची ती नक्कीच आहे. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या, माधवराव तिशी ओलांडलेले. त्यांनीच शिकवायला घेतलं, आणि घरातल्या मोठ्या बायकांनी छळ मांडला. पूर्वी हे वाचताना मला त्या बायकांचा नुसता संताप यायचा. या वेळी वाटलं, घरातल्या एका बाईला पाटी घेऊन बसवलं की तिच्या वाटचं काम कुणाच्या अंगावर पडत असेल? घरातल्या दुसऱ्या बाईच्याच. तिला पाटी कुणी दिली नव्हती. त्यांचं वागणं त्यामुळे बरोबर ठरत नाही, पण भांडण फक्त अक्षरांचं नव्हतं एवढं कळतं. आणि पुस्तकाचं नाव बघा. १९१० साली, नवरा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर आलेलं पुस्तक, तरी नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘माझ्या’ नव्हे. त्याच बाई सेवासदनासारखी संस्था चालवत होत्या!

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलंय. एसटीत वाचत होते आणि मोठ्यानं हसले, शेजारची बाई दचकली. नवऱ्यानं धर्म बदलला, काही वर्षं ताटातूट झाली, आणि हे सगळं सांगताना ही बाई स्वतःलाही हसते. मला हे पुस्तक सगळ्यांत जास्त आवडतं. आवडतं आणि महत्त्वाचं वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, आणि चळवळीतल्या बाईला नुसतं आवडायलाही परवानगी असावी.

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे आत्मकथन नाही, तरी मी यादीत घेतलं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, आणि बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी १८८२ साली हे पुस्तक काढलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे मात्र पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशांनी ते पुन्हा छापलं १९७५ साली. मध्ये ९३ वर्षं. एवढ्या काळात आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती ते पडलं असतं तर काय झालं असतं, असं माझ्या मनात येत राहतं.

आता कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, १९८१ सालचं. दलित मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते. लोक कौतुक करतात, आणि नोकरी मिळत नाही. मग आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवरच्या पावडे होतात, आणि नेमणूक येते. विद्या तीच, बाई तीच. बदललं ते आडनाव. ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ ही घोषणा द्यायची वेळ आली की मला या बाई आठवतात.

बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ मी एकटीनं वाचलं नाही. वस्तीतल्या आमच्या गुरुवारच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं, चार गुरुवार. पुस्तक १९८६ साली आलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रं त्या वाचायच्या, गल्ल्यावर बसून लिहायच्या, आणि लिहिलेलं कितीतरी वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलेलं होतं. हे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलंय. मी ते बैठकीत सांगितलं तर भाजी विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “लपवलं म्हणजे कुठं लपवलं?”

मी म्हटलं, कोपऱ्याकापऱ्यात, जिथं कुणी हात घालत नाही अशा जागी. लगेच सगळ्या आपापल्या जागा सांगायला लागल्या. डाळीच्या डब्यात, गोधडीच्या घडीत, एकीनं तर तव्यामागची भिंत सांगितली. सगळ्या जागा पैशाच्या. एक तरुण मुलगी म्हणाली, पुस्तक कुणी चोरत नाही, ते कशाला लपवायचं? मावशी म्हणाल्या, “चोरत न्हाईत, पण विचारत्यात.” त्यानंतर त्या दिवशी पुढचं पान वाचून झालंच नाही, बोलणंच चाललं. मावशींना स्वतःला वाचता येत नाही.

ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्येही, २००३ सालच्या, हे विचारणं आहेच. नोकरी करा, पगार आणा, ते चालतं. नोकरी सांभाळून पुढे शिकायला, लिहायला, सभेला जायला लागली की घर कुरकुरतं. याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. ते १९८९ साली आलं. बाईचं काम नोंदलं गेलं नाही तर ते झालंच नव्हतं असं पुढे म्हणतात, हे आपल्याला आपल्या कामातूनही ठाऊक आहे.

आता आपल्या कार्यालयातल्या कपाटाबद्दल. वरच्या फळीवर ‘स्त्रियांची आत्मचरित्रे’ अशी चिठ्ठी आहे. तिथं रमाबाई, लक्ष्मीबाई. खालच्या फळीवर ‘दलित साहित्य’. तिथं कुमुदताई, बेबीताई, ऊर्मिलाताई. पुस्तकं सापडायला सोपं जातं म्हणून कुणीतरी केलं असेल. मी हा मुद्दा बैठकीत काढला तेव्हा दोन मतं पडली. एक मत, सगळी एकत्र लावा. दुसरं मत आपल्या दलित मैत्रिणींचंच होतं: एकत्र लावलं की आमचं वेगळेपण तुमच्या ‘स्त्री’ या शब्दात बुडतं, आमची फळी राहू द्या, हवं तर वर घ्या. मला पहिलं मत पटत होतं. दुसरं ऐकल्यावर ते तेवढं सोपं वाटेनासं झालं. निर्णय अजून झालेला नाही. घाईनं होऊही नये.

काही जणींनी मला विचारलं, केसेस एवढ्या पडून असताना हे वाचन कशासाठी? पोलीस चौकीत बसून राहावं लागतं तेव्हा मी वाचते, हे एक उत्तर. दुसरं असं की, आपल्याकडे येणारी बाई तिची हकीगत सांगते तेव्हा आपण ती अर्जाच्या रकान्यांत बसवतो. तारीख, मारहाण, साक्षीदार. ते करावंच लागतं. पण रकान्यात न बसणारं ऐकायची सवय मला या पुस्तकांनी लागली. गेल्या वर्षात दोन बायका दुसऱ्यांदा येऊन जे बोलल्या, ते पहिल्या खेपेला मी विचारलंच नव्हतं.

गुरुवारचं वाचन चालू राहणार आहे. पुढचं पुस्तक शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. प्रत एकच आहे आणि तिची शिवण सुटलीय, तेव्हा घरी कुणाला देता येणार नाही. मोठ्यानं वाचायला दोघी-तिघी हव्यात. सोलापूरकडची बोली ज्यांच्या तोंडात आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.