आशाबाई भोसले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पोळ्या लाटताना रेडिओ ऐकायचा, एवढाच माझा गाण्याचा अभ्यास. चिटणीसबाईंनी न विचारताच माझे नाव लिहून टाकले, म्हणून उभी राहिले आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

आशाबाईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, सांगलीकडचा. वडील मास्टर दीनानाथ १९४२ साली पुण्यास वारले, तेव्हा त्यांना नववे वर्षही पुरे नव्हते. थोरल्या लताबाई बारा वर्षांच्या. मागे पाच भावंडे आणि आई. पुढच्याच वर्षी आशाबाई 'माझं बाळ' ह्या चित्रपटात गायल्या. १९४८ साली 'चुनरिया'त हिंदी गाणे मिळाले. आणि सोळाव्या वर्षी त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले.

मग मुले झाली. गाणे चालूच होते, पण गाणी मिळत ती बहुतेक मोठ्या गायिकांकडून उरलेली. 'देवबाप्पा'तले मोराचे गाणे आपल्यापैकी कोणी मुलांना म्हटले नाही? चाल पु. ल. देशपांड्यांची, शब्द माडगूळकरांचे, साल १९५३. गाणारी तेव्हा वीस वर्षांची आई होती, हे मला परवा भाषण लिहिताना उमगले. पुढे १९५७ साली ओ. पी. नय्यरांनी 'नया दौर'मध्ये नायिकेची सगळी गाणी त्यांना दिली, तेव्हा कुठे नाव झाले.

पण संसार टिकला नाही. १९६० च्या सुमारास दोन मुले हाताशी आणि तिसरे पोटात, अशा अवस्थेत त्या माहेरी परतल्या.

इथे मला घरचे थोडे सांगायचे आहे. माझी धाकटी बहीण बारा वर्षांपूर्वी अशीच कडेवर मूल घेऊन दारात उभी राहिली. आई रडत बसली. मी मात्र शहाणपणाने म्हटले, "अगं, बाईच्या जातीने थोडे सोसावे. परत जा." तिला एस.टी.त बसवून दिले ते मीच. घरी येऊन रेडिओ लावला, तर आशाबाईच लागल्या होत्या. मी मजेत ऐकत भाजी चिरली. दोन वर्षांनी बहीण पुन्हा आली, ती हाताला प्लास्टर घालून. त्या दोन वर्षांचा हिशेब माझ्याकडे आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे.

परतल्यावर आशाबाईंनी जे केले, ते ऐका. १९६६ साली 'तीसरी मंझिल'मध्ये राहुलदेव बर्मनांची ती श्वास तोडून गायची गाणी. (१९८० साली त्यांच्याशीच त्यांनी लग्न केले.) लोक म्हणत, ही नाचगाण्याची गायिका. पुढे १९८१ साली 'उमराव जान' आला. खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले. तो भरलेला, थांबून थांबून येणारा आवाज त्याच बाईंचा, हे आमच्या ह्यांना खरेच वाटेना. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे 'इजाजत'साठी पुन्हा. आणि मराठीत वडिलांची नाट्यपदे, सुरेश भटांच्या रचना, लावणी, अंगाई. लताबाई मोठ्या की आशाबाई, हा वाद आपल्या भिशीत दर महिन्याला होतो. मी त्यात पडत नाही. पण एकाच गळ्यात आई, नर्तकी, विरहिणी आणि खट्याळ पोर, हे मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

२००० सालचा फाळके पुरस्कार, २००८ साली पद्मविभूषण, २०२१ सालचे महाराष्ट्रभूषण, ही यादी तुम्हांला ठाऊक आहे. स्वयंपाकाची आवड अशी की २००२ साली दुबईत उपाहारगृहच काढले! दुःखही कमी नव्हते. २०१२ साली मुलगी गेली, २०१५ साली थोरला मुलगा. मुलगी गेल्याच्या पुढल्या वर्षी 'माई' ह्या चित्रपटात त्या आईच्या भूमिकेत पडद्यावर दिसल्या, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी.

माझी बहीण आता पोळीभाजीचे डबे करते. आज मंडळाच्या जेवणातल्या पुरणपोळ्या तिच्याच हातच्या. तिसऱ्या ओळीत बसली आहे, भिंतीकडच्या खुर्चीवर. गळा तिचा चांगला आहे, माझ्याहून कितीतरी चांगला. चहा झाल्यावर तिला मोराचे गाणे म्हणायला सांगा. ती नको म्हणेल, पण तुम्ही सोडू नका.