हिवाळा, शरीर आणि सवड



आम्ही विद्वान नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या सभांतून. आता ऊन तापू लागले असताना हिवाळ्यातील हालचालीवर बोलणे काहींना अवेळी वाटेल. पण हिशेब हंगाम संपल्यावरच मांडतात. गेल्या चार महिन्यांत आपण आपल्या शरीराचे काय केले, एवढेच आज विचारावयाचे आहे.

आपल्या वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय उचलू देत नाही. अंग मेहनतीला लावावे असा मोसम म्हणजे हिवाळाच. वाग्भटानेही अष्टांगहृदयात थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीइतका व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगितले आहे. आणि आपण? रजई ओढून उशिरा उठतो, शेकोटीशी बसतो आणि अंग आखडले म्हणून थंडीला बोल लावतो.

यात आम्हीही आलो. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम हिवाळ्यातच असतो, त्यामुळे संघटनेची धावपळही तेव्हाच. धावपळ म्हणायची, पण ती सारी बसून! खुर्ची, चहा आणि अर्ज. डॉक्टरांनी चालावयास सांगितले, तेव्हा आम्ही हे एका हमाल मित्राला सांगितले. तो हसून म्हणाला, “भाऊ, चालाची गरज तुमाले हाय. आमी तं दिवसभर वझं वाहतो, आमाले कायचा व्यायाम?” आम्हांलाही ते पटले. पुढे पन्नाशीच्या आतच त्याची कंबर गेली, आणि आमचा रक्तदाब वाढला. एकाने बसून शरीर घालविले, दुसऱ्याने राबून. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, असे त्यात आढळले. टपाल वाटणारे आणि कचेरीत बसणारे यांच्यातही तसाच फरक होता. म्हणजे हालचाल हवी, हे खरे. पण अलीकडे डेन्मार्कमधील संशोधकांनी दुसरी बाजू दाखविली आहे. फावल्या वेळातील व्यायामाने हृदयाला जो लाभ होतो, तो कामावरच्या जड श्रमाने होतोच असे नाही. कधी अपायही होतो. ओझे जड, तास लांब, विसावा नाही आणि वेग दुसऱ्याच्या हाती, अशा श्रमात शरीराची झीज भरून निघत नाही. हमालाची पाठ आणि कमरेला फडके बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर यांचे उत्तर येथे आहे. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. मेहनतीला विसावा जोडला, म्हणजे व्यायाम होतो.

ज्यांच्या नावाचे रुग्णालय आपल्या सावंगीत उभे आहे, त्या विनोबांकडे पाहा. मार्च १९५१ मध्ये ते सेवाग्रामहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले, तेव्हा त्यांचे वय ५५ होते. अंतर सुमारे ३०० मैल. पुढे भूदानासाठी ते वर्षानुवर्षे चालत राहिले. प्रकृती नाजूक असताना हे साधले कसे? रोज बेताचे अंतर, मग मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका दिवसाचा पराक्रम नव्हे, रोजचा नेम!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. रोजची वीस-बावीस मिनिटे झाली. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने चालावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. म्हणून वयस्कर माणसांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी अंधारात एकदम धाव घेऊ नये. शेकोट्यांचा धूरही पहाटे जमिनीलगतच साचून राहतो. कोवळे ऊन पडू द्यावे, हातपाय मोकळे करावे, मग निघावे. चालताना छातीत दुखले किंवा दडपण आले, तर थांबून लगेच दवाखाना गाठावा. ज्यांचे काम ओझ्याचे, त्यांनी संध्याकाळी आणखी ओझे उचलू नये. पाठ सैल करावी, सावकाश फिरावे, झोप पुरी घ्यावी.

पण बारा तास राबून घरी आलेल्या माणसाला “फिरून ये” असे सांगणे म्हणजे थट्टाच होय. घरी येऊन पुन्हा चुलीशी उभ्या राहणाऱ्या बाईला तर ती अधिकच बोचेल. सवड आपोआप मिळत नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सोबत्यांनी लढा दिला, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कामाचे तास, मधली सुटी, टेकायला बाकडे या मागण्या आम्ही आजवर मजुरीच्या कागदावर शेवटी लिहीत आलो. येथेच आमची चूक झाली. त्या पहिल्या ओळीत लिहावयाच्या होत्या.

पुढचा कार्तिक येईल तेव्हा बसणाऱ्याने उठावे आणि राबणाऱ्याला बसू द्यावे. एवढे झाले, तरी त्या हंगामाचा हिशेब यंदापेक्षा बरा निघेल.