हौसेला मोल नाही, घसारा मात्र आहे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझा व्यवसाय सांगितला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघातातली गाडी पाहायची, नुकसान मोजायचे आणि त्यातून घसारा वजा करून आकडा काढायचा, हे काम मी पुण्यात एकतीस वर्षे करतो आहे. गाडी ठोकली गेली तेव्हा जे शांत राहतात, तेही 'घसारा' हा शब्द ऐकला की संतापतात, असा माझा अनुभव आहे. 'साहेब, गाडी माझी, पैसे माझे, मग हे मधले वजा कशाचे?' हा प्रश्न मी हजार वेळा तरी ऐकला असेल.

आज मी बोलणार आहे ते ज्यांची किंमत फार वेगाने उतरते अशा गाड्यांबद्दल. टपाची घडी होऊन डिकीत जाते, दोनच माणसे बसतात, आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण मान वळवून पाहतो, त्या उघड्या स्पोर्ट्‌स मोटारी. आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी हिंदी सिनेमाच्या गाण्यातच पाहिलेली असते. तरीही हा विषय घेतला, कारण एक अशी गाडी आमच्या घरात आली होती, आणि ती घ्यायला 'हो' म्हणणारा मीच होतो.

आधी थोडा इतिहास सांगतो. मोटार जन्मली ती उघडीच. अमेरिकेत १९१९ च्या सुमाराला दहातल्या नऊ गाड्या उघड्या असत. बंद गाडी महाग, ती श्रीमंतांची. पुढे हडसन कंपनीने 'एसेक्स' नावाची बंद गाडी स्वस्तात आणली, आणि १९२५ मध्ये तिची किंमत उघड्या गाडीपेक्षाही खाली गेली. त्या दशकाच्या अखेरीस प्रमाण पूर्ण उलटे झाले. ऊन, पाऊस, धूळ सोसायची तर ती स्वस्तात. जास्त पैसे देऊन कोण सोसेल? उघडी गाडी तेव्हापासून गरजेची राहिली नाही, ती हौसेची झाली. आणि हौसेच्या वस्तूचा भाव हौस टिकेल तेवढाच टिकतो.

दुसरा फटका बसला तो १९७० च्या दशकात. गाड्यांत वातानुकूलन आले, महामार्गांवरचा वेग वाढला, आणि गाडी उलटली तर डोक्यावर काय, याविषयी सरकार कडक नियम करणार अशी धास्ती कारखानदारांनी घेतली. एकेका कंपनीने उघडी गाडी बंद केली. शेवटी उरली ती कॅडिलॅकची 'एल्डोराडो'. तीही २१ एप्रिल १९७६ रोजी थांबली. त्या वर्षी अशा १४ हजार गाड्या बनल्या, आणि अखेरच्या २०० अगदी एकसारख्या, पांढऱ्या रंगाच्या. 'ही शेवटची अमेरिकन उघडी गाडी' असा बोलबाला झाला. लोकांनी छापील किमतीवर भरमसाट रक्कम मोजून त्या घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या. उद्या सोन्याचा भाव येईल ही आशा! पण १९८२ मध्ये क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा बाजारात आणली, आणि १९८४ च्या मॉडेलात खुद्द कॅडिलॅकनेही. ज्यांनी 'शेवटची' म्हणून साठवली होती त्यांचा संताप झाला. काही जण कोर्टातही गेले. गाडीत पैसे गुंतवू म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

मधली तीस वर्षे या गाड्यांना बरी गेली. १९८९ मध्ये माझदाने 'मिआटा' ही छोटी, हलकी गाडी आणली. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. १९९६ मध्ये पोर्शची 'बॉक्स्टर' आली, त्याच वर्षी मर्सिडीजची 'एसएलके' आली. एसएलकेचा टप कापडाचा नव्हता, पत्र्याचा होता, आणि बटण दाबले की तो घडी होऊन डिकीत जाई. मग सगळ्यांनाच तसा टप हवा झाला.

आता त्या यादीतली नावे गळू लागली आहेत. एसएलकेची वारस 'एसएलसी' २०२० मध्ये बंद झाली. ऑडीची 'टीटी' पंचवीस वर्षांनी, २०२३ मध्ये थांबली. जॅग्वारची 'एफ-टाइप' २०२४ मध्ये गेली. पेट्रोलवरच्या बॉक्स्टरचे उत्पादन २०२५ मध्ये संपले, आणि त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने 'झेड-फोर'ची अखेरची आवृत्ती जाहीर केली. मर्सिडीजच्या दोन वेगवेगळ्या उघड्या गाड्यांच्या जागी २०२३ पासून एकच उरली.

असे का झाले? पहिले कारण, ज्याच्याकडे हौसेचे पैसे आहेत तो आज उंच एसयूव्ही घेतो. तीत घरचे सगळे बसतात, खड्ड्यांची भीती नाही, आणि काचेच्या मोठ्या छतातून आकाशही दिसते. दुसरे कारण कारखान्यातले. गाडीचा टप हा तिच्या सांगाड्याचा आधार असतो. तो काढला की बॉडी पिळवटू लागते, मग तळाला जादा पोलाद घालावे लागते, वजन वाढते, चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. एवढा खर्च थोड्या गाड्यांवर वाटायचा. त्यात धुराचे नियम आणि विजेच्या गाड्यांवरचा खर्च. कंपनीने कात्री लावायची ठरवली की पहिली कात्री इथेच लागते.

आपल्याकडचे गणित तर आणखी कठीण. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी गाडी बनू लागली होती. फायबरची बॉडी, रेनोचे लहान इंजिन. प्रयत्न धाडसाचा होता, पण गाड्या मोजक्याच खपल्या. बाकी आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक उघड्या गाड्या परदेशातून तयार आलेल्या. ४० हजार डॉलरवरच्या अशा गाडीवर २०१३ पासून १०० टक्के आणि त्याहून अधिक आयात कर बसत आला आहे. म्हणजे जी किंमत आपण मोजतो तिचा मोठा हिस्सा गाडीचा नसतोच, कराचा असतो.

हिशेब मांडून दाखवतो. समजा, शोरूममधली किंमत ८० लाख. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के, म्हणजे १६ लाख. झाले ९६ लाख. आता विम्याच्या कागदावर गाडीची किंमत धरताना कंपनीची जाहीर किंमत धरतात, रस्ता कर धरत नाहीत. म्हणजे पहिल्याच दिवशी १६ लाख हिशेबाबाहेर. पुढे विम्याचा ठरलेला तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. चार वर्षे उलटली की कागदावर उरले ४० लाख. ९६ चे ४०, आणि तेही कागदावर. बाजारात गिऱ्हाईक मिळायला हवे ना! लहान मारुती विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत दहा फोन येतात. ही गाडी विकायला काढली तर फोन येतात ते बहुधा फोटो काढू का म्हणून विचारणारे.

शिवाय नव्या गाडीचा कर कमी झाला की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी, सेस धरून जवळजवळ ५० टक्के होता तो ४० वर आला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिथल्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचा आयात कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले. नवे गिऱ्हाईक खूश होते. ज्याने पूर्ण कर भरून गाडी घेतली आहे, त्याची गाडी मात्र दारात उभ्या उभ्या उतरते.

हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी २०१३ च्या एप्रिलमध्ये मी काय केले ते ऐका.

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला बापूदादा म्हणतो, कोल्हापूरला उद्यमनगरात त्याचे मशीन शॉप आहे. आयुष्यभर कष्ट केलेला माणूस. नव्या मशिनसाठी त्याने पैसे साठवले होते. त्याचा फोन आला. 'मुंबईत एक गाडी हाय, उघडी. सहा वर्षं जुनी. नवी साठ लाखांची, आता चोवीस म्हणतोय. तू बघून ये. तू हो म्हणालास की घेतो.'

मी गेलो. चेसिस नंबर ताडला, इंजिन ऐकले, रंगाची जाडी तपासली, टायर पाहिले. टप एकदा उघडून मिटवून पाहिला. अपघाताची खूण कुठेही नव्हती. मी बापूदादाला सांगितले, 'गाडी स्वच्छ आहे.' माझ्या दृष्टीने ते खरेच होते. मी जन्मभर गाड्या पाहिल्या त्या ठोकलेल्या. ही ठोकलेली नव्हती, म्हणजे चांगली. एवढाच माझा विचार.

जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला. कापडी टपाच्या कडेने जे पाणी उतरते ते वाहून जायला बारीक नळ्या असतात. पाचोळ्याने त्या तुंबल्या होत्या. पाणी डिकीत साचले, आणि टप उचलणारा हायड्रॉलिक पंप तिथेच तळाशी असतो. एका सकाळी टप अर्धा उघडून अडला तो अडलाच. अर्धी उघडी गाडी, वर ताडपत्री, आणि बाहेर मुसळधार पाऊस! दुरुस्तीचा अंदाज आला सव्वातीन लाखांचा.

बापूदादाने मला विचारले, 'विम्यात बसतंय का बघ की.' श्रोतेहो, बसत नव्हते. अपघात असेल तर विमा. झीज आणि यंत्राचा आपसूक बिघाड पॉलिसीत धरलेला नसतो. परक्यांना हे वाक्य मी रोज सांगतो, त्या दिवशी मामाच्या ओसरीवर बसून सांगताना माझी जीभ जड झाली. तो एवढेच म्हणाला, 'तू बघितलावतास न्हवं?' पुढे दोन दिवाळ्या आमच्यात बोलणे बेताचेच राहिले. मशिनची खरेदी लांबली ती तीन वर्षे.

२०१६ मध्ये ती गाडी गेली सात लाखांना. सतरा लाख किमतीत गेले, सव्वातीन दुरुस्तीत. तीन वर्षांत गाडी धावली ४,१०० किलोमीटर. व्यवहार झाल्यावर मी सवयीने भागाकार केला. पेट्रोल आणि विमा सोडून किलोमीटरला ४९४ रुपये पडले. आकडा सांगावा की नाही हा प्रश्न होता. शेवटी सांगितला, कारण चूक माझी होती आणि हिशेब लपवणे ही दुसरी चूक झाली असती.

बापूदादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आईला पन्हाळ्याला नेलं त्याचे किलोमीटर काढ त्यातनं.' आमची मामी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन ती पुढच्या सीटवर बसली होती, आणि वाटेत दिसेल त्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला तिने हात केला होता. मी म्हणालो, 'दादा, काढले तर उरलेल्याचा दर आणखी वाढेल.' तेव्हा कुठे तो हसला.

म्हणून कुणी विचारले तर मी 'घेऊ नका' असे सांगत नाही. एवढेच सांगतो. जुनी उघडी गाडी पाहायची तर पावसाळ्यात पाहा, किंवा अर्धा तास पाण्याची नळी सोडा आणि डिकीतला गालिचा उचलून हात लावा. टप दहा वेळा उघडून मिटवा. रबरी भागांवर विम्यात निम्मा घसारा कापला जातो, आणि या गाडीला रबराच्या पट्ट्या भरपूर असतात हे ध्यानात ठेवा. पंधरा वर्षे झाली की आयात गाडीच्या फेरनोंदणीला ४० हजार रुपये लागतात, तेही धरा. कर्ज काढू नका. धंद्याचे, शिक्षणाचे, आजारपणाचे पैसे त्यात घालू नका. आणि भाव चढेल या आशेने तर मुळीच घेऊ नका. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक जुनी उघडी फेरारी एक कोटी त्रेसष्ट लाख युरोंना गेली हे खरे. पण ती अॅलें देलाँ या नटाची होती आणि तशा गाड्या जगात मूठभर आहेत. आपल्या दारातली त्यांपैकी नसते.

जे पैसे घालवाल ते गेले असे समजून घ्यायची तयारी असेल, तर जरूर घ्या. आणि घेतलीत तर झाकून ठेवू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी पुढच्या सीटवर बसवा.

मी आता गाडी पाहायला जातो तेव्हा सोबत पाण्याची बाटली नेतो. लोकांना वाटते, पिण्यासाठी आहे.